कामठीत मेट्रो येतेय, पण कामठीत उतरणार कोण?

नागपूरची मेट्रो आज ऑटोमोटिव्ह चौकात थांबते. तिथून ती कामठीतून पुढे कन्हान नदीपर्यंत न्यायची आहे. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. एकूण ४३.८ किलोमीटर, ३२ स्टेशनं, खर्च ६,७०८ कोटी. त्यातला सुमारे १३ किलोमीटरचा तुकडा आपल्या बाजूचा. त्याआधीच कामठी रोडवरचा डबल डेकर पूल ऑक्टोबर २०२४ मध्ये वाहतुकीला खुला झाला. म्हणजे कामठी आणि नागपूर यांच्यातलं अंतर दिवसेंदिवस कमी होतंय.

गावात यावर चर्चा एकच, प्लॉटचे भाव. येरखेडा, रनाळा, भिलगाव या बाजूला कुठेही उभे राहा, लेआउटचे बोर्ड दिसतील. 'मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटं' असं लिहायला कुणाच्या बापाचं काय जातं! जमीन विकणारा खूश, घेणारा खूश, दलाल सगळ्यात जास्त खूश.

पण कामठीच्या बाजारात गल्ल्यावर बसलेल्या माणसाचा प्रश्न वेगळा आहे. मेट्रो आली की कामठीचा माणूस नागपूरला जाणार, हे नक्की. नागपूरचा माणूस कामठीला कशासाठी येणार?

हा प्रश्न विचारला की लोक म्हणतात, विकासाच्या आड येऊ नका. आड कोण येतंय? पण या गावाने हा खेळ आधी एकदा बघितला आहे. तेव्हा मेट्रो नव्हती, रेल्वे होती. आणि त्या खेळात कामठी हरली होती.

नागपूरच्या अर्धी होती कामठी

१८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि भोसल्यांच्या राजधानीवर इंग्रजांचा हात बसला. शहरावर नजर ठेवता येईल, पण शहरात राहायला नको, अशी जागा त्यांना फौजेसाठी हवी होती. बीना संगमाला कन्हान, पेंच आणि कोलार एकत्र येतात. त्याच्या थोडं खाली, कन्हानच्या काठावर १८२१ मध्ये छावणी बसली. छावणी आली की धान्य लागतं, चारा लागतो, कापड, चामडं, दारू, भाजी, शिंपी, लोहार, सावकार सगळं लागतं. जबलपूरकडे जाणारा रस्ताही इथूनच नदी ओलांडायचा. बघता बघता छावणीच्या शेजारी बाजारपेठ उभी राहिली.

त्या बाजाराची खूण अजून गल्ल्यांच्या नावात आहे. दाल ओली, फुटाणा ओली. ओली म्हणजे ओळ, दुकानांची रांग. डाळीच्या नावाची एक अख्खी ओळ आणि फुटाण्याच्या नावाची दुसरी. ज्या गावात फुटाण्याला स्वतःची गल्ली असते, तिथे गिऱ्हाईक किती असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

आता आकडे बघा. १८८१ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या होती ९८ हजारांच्या वर. त्याच वर्षी कामठीची होती जवळपास ५१ हजार. म्हणजे नागपूरच्या निम्म्याहून थोडी जास्त! दहा वर्षांनी, १८९१ मध्ये, कामठी ४३ हजारांवर आली. १९०१ मध्ये ३८,८८८. वीस वर्षांत गावातला चौथा माणूस नाहीसा झाला. त्याच वीस वर्षांत नागपूर वाढून सव्वा लाखाच्या पुढे गेलं.

२०११ ची जनगणना घेतली तर नागपूर २४ लाख आणि कामठी नगर परिषद ८६,७९३. छावणीची गणती आता वेगळी होते, त्यामुळे जुन्या-नव्या आकड्यांची तंतोतंत तुलना होणार नाही. तरी चित्र लपत नाही. तेव्हा दोघांना एक होती कामठी, आता अठ्ठावीसला एक.

हे झालं कशाने? १९११ च्या एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकात कामठीवर चार ओळींची नोंद आहे. तिच्यात कारण सरळ लिहिलंय. रेल्वे सुरू झाल्यापासून व्यापार मोठ्या प्रमाणात नागपूरला वळला, आणि अलीकडे फौजही कमी केली.

मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. पुढे १८८० नंतर नागपूरहून छत्तीसगडकडे लाईन गेली, ती कामठीवरून. कामठीला स्टेशन मिळालं. त्या वेळीही लोकांना वाटलं असणार की आता गावाचं भलं होणार. पण बैलगाडीच्या काळात गोष्ट वेगळी होती. शेतकरी किंवा व्यापारी माल घेऊन निघाला की नदीजवळ मुक्काम पडायचा, बैल सोडायचे, तिथेच सौदा व्हायचा. मुक्कामाच्या जोरावर बाजार चालायचा. रेल्वेने मुक्कामच काढून टाकला. जिथे वॅगन भरतात, जिथे दहा खरेदीदार बसलेत, जिथे भाव फुटतो, तिथे माल थेट जाऊ लागला. ती जागा होती नागपूर. कामठीचं स्टेशन मधलं. मधल्या स्टेशनावर गाडी दोन मिनिटं थांबते.

दुसरी गोष्ट फौजेची. छावणीचं गिऱ्हाईक पक्कं असतं, पगार वेळेवर असतो. पण पलटण हलवायची की ठेवायची हे कामठी ठरवत नाही. तेव्हा लंडन-कलकत्त्यात ठरायचं, आज दिल्लीत ठरतं. आजही गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र इथे आहे, एनसीसी अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमी इथे आहे. त्यांच्यामुळे कितीतरी घरांच्या चुली पेटतात, हे मान्यच. तरी दुसऱ्याच्या आदेशावर चालणारी ही रोजीरोटी आहे.

मागाचा आवाज कुठे गेला

रेल्वेने बाजार नेला तरी कामठी मेली नाही, कारण इथे हात होते. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेतून मोमीन विणकर दक्षिणेकडे सरकले. मालेगाव, भिवंडीसारखेच ते नागपूर आणि कामठीत वसले. कोष्टी समाजाचे माग तर विदर्भात आधीपासून होते. घरात खड्डा खणून बसवलेला माग, पुरुष विणायला, बायका-पोरं कांड्या भरायला. सगळं घर मिळून एक कारखाना. नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं कापड या विणकरांच्या मुळावर आलं, पण मिलचं सूतही मागाला मिळू लागलं. त्यामुळे ओढाताण करत का होईना, माग चालू राहिला.

हा माग मिलने संपवला, पॉवरलूमने संपवला, असं आपण ऐकतो. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं सरकारी मदतीच्या तऱ्हेत आहे, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

१९७१ मध्ये हातमाग महामंडळ स्थापन झालं, मुख्यालय नागपूरला. १९७६ च्या सुमारास केंद्राची जनता कापड योजना आली. योजना अशी की गरिबाला स्वस्त साडी-धोतर मिळावं आणि विणकराला वर्षभर काम मिळावं. महामंडळ सूत द्यायचं, विणकर साधी जाडीभरडी साडी विणून परत द्यायचा, मजुरी घ्यायचा. फरक सरकार भरायचं. विणकराला सूत शोधावं लागत नव्हतं, गिऱ्हाईक शोधावं लागत नव्हतं. वाईट काय त्यात? त्या वेळी काहीच वाईट वाटलं नाही.

पण पंधरा-वीस वर्षं एकच साडी विणली की काय होतं? नवा काठ कुणी काढत नाही, नवा रंग कुणी लावत नाही. पोराला शिकवायला खास असं काही राहत नाही. बाजारात बसून भाव करणारा माणूस घरात उरत नाही. आणि मग १९९० च्या दशकात केंद्राने ही योजना गुंडाळली. सूत बंद, ऑर्डर बंद. ज्याने दोन दशकं गिऱ्हाईकाचं तोंड पाहिलं नव्हतं त्याला एकदम सांगितलं, जा, विक.

कायदा होता की! हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा कायदा १९८५ मध्ये संसदेने केला. ठरावीक काठाच्या साड्या, धोतर वगैरे पॉवरलूमवर विणायचे नाहीत. त्यावर कोर्टकज्जे झाले, सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्ये कायदा योग्य ठरवला. पण सुरुवातीला २२ वाण राखीव होते, पुढे ते ११ वर आले. आणि पॉवरलूमवर कोण काय विणतो हे गल्लीगल्लीत जाऊन बघणार कोण?

तुलना करायची तर येवल्याशी करा. तोही गावगाड्यातलाच विणकर. पण पैठणी घ्यायला माणूस मुद्दाम येवल्याला जातो. गाडीतून उतरतो, चार दुकानं फिरतो, जेवतो, मग परत जातो. आपल्या शेजारी भंडारा जिल्ह्यात टसरची करवत काठी विणली जाते. तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. तिची अवस्था फार सुखाची आहे असं नाही, पण तिला नाव तरी आहे. कामठीच्या कापडाला नाव उरलं नाही. जनता साडी कुठल्या गावची, हे घेणाऱ्या बाईला कधी माहीतच नव्हतं.

विडी वळणारे हात

दुसरा आधार विडीचा. भंडारा-गोंदियाच्या जंगलातला तेंदूपत्ता आणि कामठी-नागपूरच्या वस्त्यांमधली माणसं, यावर हा धंदा उभा राहिला. विडी वळायला यंत्र लागत नाही, एक सूप आणि कात्री असली की झालं. म्हणून ते काम घरात आलं, आणि हळूहळू बाईकडे आलं. हजार विड्यांमागे मजुरी. त्यातून ठेकेदार छाट काढणार, म्हणजे खराब म्हणून बाजूला टाकणार. वळलेल्या हजाराची मजुरी हजाराचीच मिळेल याचा भरवसा नाही.

या विडी मजुरांना कामठीनेच आपला नेता दिला. बाबू हरदास एल. एन., जन्म १९०४. त्यांनी विडी कामगारांची संघटना बांधली, १९३७ मध्ये नागपूर-कामठीतून प्रांतिक विधिमंडळात निवडून गेले, आणि १२ जानेवारी १९३९ ला, वयाच्या पस्तिशीत, क्षयाने गेले. 'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द रूढ करण्याचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. आज देशभर लाखो लोक एकमेकांना भेटल्यावर जो शब्द उच्चारतात, तो या नदीकाठच्या गावाने दिलेला आहे. कन्हानच्या काठावर त्यांचं स्मारक आहे.

विडी कामगारांसाठी कायदे पुढे झाले. १९६६ चा कामाच्या अटींचा, १९७६ चा कल्याण निधीचा. निधीसाठी विडीवर उपकर होता, त्यातून दवाखाना, पोरांची स्कॉलरशिप, घरकुलाला मदत असं मिळायचं. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर गेला. विडीवर जीएसटी लागला २८ टक्के. म्हणजे विडीवरचा कर वाढला, आणि त्यातला कामगाराच्या नावाचा वेगळा हिस्सा मात्र संपला. आता जे मिळेल ते बजेटमध्ये ठेवलं तर.

विडी ओढणं कमी व्हायलाच पाहिजे, यात वाद नाही. क्षय आणि कॅन्सर ओढणाऱ्यालाही होतो आणि तंबाखूची धूळ वळणारीच्या छातीतही जाते. पण धंदा उतरणार हे सरकारला माहीत होतं तर वळणाऱ्या बाईला दुसरं काम शिकवायला किती वेळ होता? सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाची बंदी २ ऑक्टोबर २००८ पासून कडक झाली. त्यालाही किती वर्षं झाली मोजा.

नदी आहे, पण कामठीच्या कामाची किती?

नदीकाठचं गाव म्हटलं की वाटतं पाणी आहे, सुबत्ता असेल. कन्हानचं पाणी पाइपाने नागपूरला जातं. तिथला २४० एमएलडीचा जलशुद्धीकरण प्रकल्प शहराच्या मोठ्या भागाची तहान भागवतो. पेंचवर वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराई धरण झालं, तोतलाडोहात पाणी कमी येऊ लागलं, आणि २०१९ च्या जुलैत नागपुरात दिवसाआड नळ आले. तेव्हा कन्हानची किंमत शहराला कळली. काठावरच्या गावांना ती आधीच माहीत होती.

रेती नागपूरच्या इमारतींना गेली. कोराडी आणि खापरखेडा इथून वीज राज्याला गेली, राख इथे राहिली. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा इथल्या राखबंधाऱ्याला भगदाड पडलं, आणि राखेचं पाणी शेतात आणि नदीनाल्यात शिरलं. खसाळ्याच्या शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही, तो रोज बघतो.

नदीतलं जे जे विकण्यासारखं होतं ते विकलं गेलं, पण विकणारा कामठीचा नव्हता. रेतीघाटाचा लिलाव जिल्ह्यात होतो, ट्रक बाहेरच्याचा असतो. गावाच्या वाट्याला काय येतं? ट्रॅक्टरवरची मजुरी आणि खचलेला रस्ता.

आपण तालुक्याचे लोक कुठे जातो?

आता दोष फक्त सरकारला देऊन चालणार नाही. तालुक्यातल्या आपल्या गावांनीही कामठी सोडली आहे. भाजी-धान्य थेट कळमन्याला जातं, कारण भाव तिथे आहे. लग्नाचं कापड इतवारीतून, मोबाईल सीताबर्डीतून, बाकीचं ऑनलाइन घरपोच. गुमथळा, वडोदा ही गावं तर भंडारा रोडच्या बाजूची. त्यांना नागपूर जवळ, कामठी आडवळणाला. सातबारा, दाखले, तहसीलचं काम निघालं तर कामठी, नाहीतर नाही. मेट्रोचा दुसरा एक फाटा प्रजापती नगर ते ट्रान्सपोर्ट नगर असा भंडारा रोडनेच जाणार आहे, म्हणजे हा कल आणखी वाढेल. शेतकऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. चार रुपये जास्त मिळतात तिथे तो जाणारच.

पण याचा परिणाम काय होतो बघा. गावातल्या दहावी-बारावीच्या पोराला पूर्वी कामठीत शिकत शिकत एखाद्या दुकानात काम मिळायचं. टेलरकडे, सायकलवाल्याकडे, आडत्याकडे. आता ते काम नागपुरात. गाडीचं पेट्रोल जाऊन हातात काय उरतं ते घरच्यांना विचारा. आणि मुलीला तेवढं लांब पाठवायचं की नाही यावर तर घरात वेगळीच बैठक बसते. इथे मेट्रो खरंच कामाची आहे. सुरक्षित, वेळेवर, ठरावीक भाड्यात. कॉलेजच्या मुलींसाठी, दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी मेट्रो यावीच, लवकर यावी. प्रश्न तिच्या परतीच्या डब्यांचा आहे. सकाळी नागपूरकडे भरून जाणारे डबे कामठीकडे येताना रिकामे येणार का?

आराखड्यातल्या स्टेशनांची नावं वाचा. छावणी, कामठी पोलीस स्टेशन, कामठी नगर परिषद, ड्रॅगन पॅलेस, गोल्फ क्लब आणि शेवटी कन्हान नदी. फौज आहे, पोलीस आहेत, कार्यालय आहे, मंदिर आहे, गोल्फसुद्धा आहे. बाजाराचं नाव एकाही स्टेशनाला नाही. दाल ओली नाही, विणकरांचा मोहल्ला नाही. नावाने काय होतं म्हणाल, पण नकाशा काढणाऱ्याला गावात काय दिसलं हे त्यातून कळतं.

तरीही या यादीतच दोन जागा अशा आहेत जिथे बाहेरचा माणूस खरोखर उतरेल. एक ड्रॅगन पॅलेस. १९९९ पासून देश-विदेशातून लोक तिथे येतात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आलेले कितीतरी अनुयायी कामठीला येऊनच परत जातात. दुसरी, शेवटच्या स्टेशनाकडची नदी आणि बाबू हरदासांचं स्मारक. हे लोक आज गाडीतून उतरतात, दर्शन घेतात, फोटो काढतात आणि त्याच गाडीत बसतात. बाजार तिथून जवळ असूनही त्यांच्या वाटेवर येत नाही. कामठीत विणलेला एक पंचा, एक चादर, एक साधी पांढरी साडी त्यांच्या हातात पडत नाही. पांढऱ्या कापडाला त्या दिवशी किती मागणी असते हे सांगायला कुठला सल्लागार नेमायला नको.

म्हणून नगर परिषदेत जे निवडून बसलेत त्यांच्याकडे आत्ता, खांब उभे राहतायत तेव्हाच, काही साध्या गोष्टी मागायला हव्यात. ड्रॅगन पॅलेस आणि नगर परिषद या दोन स्टेशनांखाली किती गाळे निघणार आणि त्यातले किती स्थानिक विणकर व बचत गटांना परवडतील अशा भाड्याने देणार, हे लेखी घ्या. गाळ्यांचा लिलाव एकदा झाला की ते मोबाईल कंपन्या आणि पिझ्झावाल्यांकडे जातील, मग बोंबलून उपयोग नाही. फेरीवाल्यांना कुठे बसवणार, की फक्त हटवणार? स्टेशनापासून बाजारापर्यंत आणि गुमथळा-वडोद्यासारख्या गावांपर्यंत छोटी बस कोण चालवणार, मेट्रो, एसटी की कुणीच नाही? हातमाग महामंडळाचं मुख्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. कामठीत आज प्रत्यक्ष किती माग चालू आहेत, त्यावर किती वयाचे लोक बसतात, त्यांची मोजणी करून यादी नगर परिषदेच्या फळ्यावर लावायला महामंडळाला काय हरकत आहे? तीच गोष्ट विडी कामगार बायांच्या ओळखपत्रांची. किती चालू, किती बंद पडली.

आणि ज्यांची शेतं लेआउटमध्ये चालली आहेत त्या येरखेडा-रनाळ्याच्या शेतकऱ्यांनी सौदा करताना एवढं बघावं की बोर्डावरच्या स्टेशनाचं नाव मंजूर आराखड्यात खरंच आहे का, आणि पाच मिनिटं पायी आहेत की मोटरसायकलने.